मागची पाटी

चौकातून उजवीकडे वळायचं होतं आणि समोरून सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रक येत होता. वाट त्याची होती. माझी बायको स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसली होती आणि आमच्या छोट्या गाडीचं नाक नको तेवढं पुढे आलेलं होतं. मी म्हणालो, "थांब, त्याला जाऊ दे." ती थांबली, आणि थांबता थांबता गाडी बंद पडली, ती नेमकी त्याच्या वाटेत. आता हॉर्न येणार म्हणून मी आधीच मान आखडून घेतली. एकतीस वर्षं मी दुधाचा टँकर चालवला आहे. भरल्या गाडीला कुणी आडवं आलं की ड्रायव्हरच्या तोंडून काय बाहेर पडतं ते मला पाठ आहे. पण हॉर्न आला नाही. ट्रकवाल्याची नजर आमच्या बॉनेटवरच्या पांढऱ्या पाटीवर गेली, तिच्यावरच्या शिकाऊच्या लाल अक्षरावर गेली, आणि त्याचा चेहरा सैल झाला. माझ्यासारखाच उन्हाने रापलेला, दोन दिवस दाढी न केलेला माणूस. त्याने हँडब्रेक ओढला, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा बोलला, "सावकाश, ताई, सावकाश. मला काही घाई नाही." बायको हसली. तिने गाडी सुरू केली, पुन्हा बंद पाडली, पुन्हा सुरू केली आणि वळली. "किती भला माणूस," ती म्हणाली. माझ्या पोटात दुखलं. नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे, खरंच दुखलं, डाव्या बरगडीखाली, आणि मला वाटलं, सकाळचं खाणं बाधलं असावं.

बाधलं काहीच नव्हतं. मला घाई नाही, हे वाक्य एकतीस वर्षांत मला एकानेही ऐकवलं नव्हतं. दूध थांबत नाही म्हणून मीही थांबलो नाही, आणि मी टँकर घेऊन येताना दिसलो की लोक आधी घड्याळाकडे बघत आणि मग माझ्याकडे. डेअरीच्या फाटकावर उशीर झाला तर सुपरवायझर ओरडायचा, वेळेआधी पोचलो तर रांगेतले इतर ड्रायव्हर ओरडायचे. मी शिकलो तो टँकर धुण्याच्या आवारात. मला शिकवणाऱ्याला सगळे बोळा म्हणायचे, कारण तो इंजिनाच्या आवाजापासून वाचायला कानात कापसाचे बोळे घालायचा, आणि त्यामुळे शिकणाऱ्याचं काही ऐकूही यायचं नाही त्याला. क्लच चुकला की तो लोखंडी पान्ह्याने बोटांच्या सांध्यावर मारायचा. फार जोरात नाही, आपण दार वाजवतो तेवढ्याच जोरात. पण थंडीत तेवढंही पुष्कळ होतं. चौथ्याच दिवशी त्याने मला अर्धा भरलेला टँकर देऊन हमरस्त्यावर घातलं. पुढे पाटी नाही, मागे पाटी नाही. मी कोण आहे, किती दिवसांचा आहे, हे रस्त्यावर कुणालाही माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट. आपण ब्रेक दाबून गाडी थांबवतो, पण आतलं दूध थांबलेलं नसतं. ते लाटेसारखं पुढे येऊन टाकीच्या भिंतीवर आदळतं आणि थांबलेल्या गाडीला पुढे ढकलतं. म्हणून टँकरवाला ब्रेक दाबतो, गाडी थांबत आली की पाय किंचित सोडतो, लाट जिरू देतो, आणि मग पुन्हा दाबतो. दाब, सोड, दाब. बोळ्याने मला हे सांगितलं नाही, पान्ह्याने शिकवलं. पुढे ते माझ्या पायात इतकं भिनलं की मी झोपेत पाय हलवतो असं बायको सांगते.

टँकर सुटून आता दोन वर्षं झाली. डोळ्यांच्या डॉक्टरने एका यंत्राच्या खोक्यात डोकं घालायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाला, आणि उजव्या बाजूचे बरेच ठिपके मी दाबलेच नाहीत. समोरचं स्वच्छ दिसतं, उजवीकडची कड मात्र हळूहळू पुसली जाते आहे. अवजड गाडीचा परवाना तेव्हाच गेला. लहान गाडीचा अजून चार महिने आहे; त्यानंतर पुन्हा त्या खोक्यात डोकं घालायचं, आणि काय होणार हे मला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक आहे. यंदाच्या तपासणीत ते ऐकून आलो त्या दिवशी बायको भांडी विसळत होती. तिने मान न वळवता विचारलं, "मग मी शिकले तर?" ती तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. बालवाडीत तीस वर्षं शिकवून घरी बसलेली. मी हसलो. ती हसली नाही. आठवडाभराने तिने शिकाऊ परवान्याचा कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

एक गोष्ट मी आधी कुणाला सांगितली नसती. तिला गाडी येऊ लागेल याचं मला वाईट वाटत नव्हतं. मला खुपत होतं ते तिचं येत नसणं. तिला येत नव्हतं आणि ती ते दोन पाट्या लावून गावभर सांगत हिंडत होती, एक पुढे, एक मागे, लोहचुंबकाच्या, हाताएवढ्या. आणि गाव तिला वाट देत होतं. बसवाले अंतर ठेवायचे. शाळेची गाडी चालवणारी एक उग्र बाई, जिला मी कित्येकदा लोकांवर ओरडताना ऐकलं होतं, तीसुद्धा आमच्या मागे दोन मिनिटं गुपचूप उभी राहिली आणि मग शेजारून जाताना काच खाली करून म्हणाली, "मावशी, मलाही रिव्हर्स जमायला सहा महिने लागले." सगळेच असे नव्हते, ते खरं. कुणी पाटी दिसताच मुद्दाम घासून पुढे जायचा, कुणी मोटरसायकलवरून ओरडायचा, "आजी, रिक्षा करा!" पण त्याचीही तिला गंमत वाटायची. घरी आल्यावर ती त्यांच्या नकला करायची. फोनवर मुलीला सांगायची, "आज सात वेळा बंद पडली गं. सात!" जणू सात बक्षिसं मिळाली होती. आणि तिची ती ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणारी! पस्तिशीची, केस आखूड कापलेली, पायांत खेळाचे बूट. आठवड्यातून तीन दिवस ती शेजारच्या सीटवर बसायची आणि मला मागे बसायचीही परवानगी नव्हती. "काका, तुम्ही असलात की काकू तुमच्याकडे बघतात, रस्त्याकडे बघत नाहीत," असं तिने मला तोंडावर सांगितलं. मी गॅलरीतून बघत राहायचो. गाडी फाटकातून बाहेर पडायची, धक्के खात, आणि दोघींच्या हसण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझ्या टँकरमध्ये माझ्या शेजारी बसून ती इतकी हसली असेल असं मला आठवत नाही. अर्थात टँकरमध्ये ती दोनदाच बसली होती, आणि दोन्ही वेळा दवाखान्यात जायचं होतं.

रविवारी आणि बुधवारी मात्र शेजारची सीट माझी. त्या ट्रकवाल्याचा दिवस रविवार होता. घरी आल्यावर तिने दोन्ही पाट्या काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि दाराजवळच्या फळीवर उभ्या करून ठेवल्या. मुलं रस्त्यावरून ओढून नेतील म्हणून ती रोज काढायची आणि निघताना स्वतः लावायची. मी चहा पीत त्यांच्याकडे बघत होतो. लाल अक्षर. ते अक्षर मला एक्केचाळिसाव्या वर्षापासून ओळखता येतं. त्याआधी येत नव्हतं. त्याआधी कुठलंच येत नव्हतं. डेअरीचा कागद हातात आला की मी खिसे चाचपायचो आणि म्हणायचो, "चष्मा विसरलो, जरा वाच ना." तेव्हा मला चष्मा नव्हताच. जेवणाच्या सुट्टीत मी वर्तमानपत्र धरून बसायचो, फोटोवरून सरळ-उलटं ठरवून, आणि शेजारचा पान उलटेल तेव्हा पान उलटायचो. परवान्याच्या परीक्षेला त्या काळी खुणांच्या चित्रांवर बोट ठेवलं की भागत असे. बायकोला लग्नानंतर महिनाभरात कळलं असावं, पण ती वर्षानुवर्षं बोलली नाही. मग डेअरीत नवे फॉर्म आले, ड्रायव्हरने स्वतः लिहायचे, तेव्हा मीच एकदा तिला म्हणालो. म्हणालो म्हणजे काय, फॉर्म तिच्यासमोर ठेवला आणि संडासात जाऊन बसलो. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात सुरू झालं. मी दाराला कडी लावायचो. खिडकीचा पडदा ओढायचो. दारावर थाप पडली की वही पिठाच्या डब्यामागे. एकदा कडी लावायची राहिली आणि मुलगी आत आली, सात वर्षांची होती, आणि म्हणाली, "बाबा, काय लिहिताय?" मी म्हणालो, "गाडीचा नंबर." ती म्हणाली, "तुमच्या गाडीचा नंबर किती वाकडा आहे!" आणि खेळायला गेली. मी ते पान फाडलं. तिच्या आईने फाडलेलं पान उचलून चुलीत घातलं, मला काही न म्हणता. मी चुकलो की ती आवाज बारीक करायची, बालवाडीतल्या मुलांशी करायची तसा नाही. चोर आपसात बोलतात तसा. मीच तिला तसं करायला लावलं होतं. दीड वर्ष लागलं. संपलं तेव्हाही कुणाला सांगता आलं नाही, कारण मला येत नव्हतं हेच कुणाला माहीत नव्हतं, मग आता आलं म्हणून कुणाला सांगणार? आणि ही बाई, तीच बाई, जिने माझ्यासाठी पडदे ओढले, ती आज मोठं लाल अक्षर पाठीला लावून भर रस्त्यात चुकत होती, आणि ट्रकवाले तिला ताई म्हणत होते. तिचं मला काय खुपावं? काही नाही. पण खुपत होतं. पडदा मी ओढला होता, आणि मला राग तिच्या उघड्या खिडकीचा येत होता.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. तिची परवान्याची परीक्षा शुक्रवारी होती. तिने पुढची पाटी लावली, मागची लावली, मागे सरून दोन्हींकडे एकदा बघितलं, आणि म्हणाली, "चष्म्याची डबी राहिली, आलेच." ती जिना चढून गेली. मी गाडीला टेकून उभा होतो. मी काही ठरवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन, पण शपथ घेऊन काय उपयोग. हात माझाच होता. मागची पाटी पत्र्यावरून सुटताना जरा चिकटून राहिली आणि मग एकदम सुटली. मी ती माझ्या कापडी पिशवीत टाकली, पाण्याच्या बाटलीच्या पलीकडे, आणि पिशवी पायाशी घेऊन शेजारच्या सीटवर बसलो. तिला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. एकदाच, फक्त एक सकाळ, लोकांनी तिला माझ्याशी वागायचे तसं वागवावं, एवढंच होतं. मग ती घरी येऊन नकला करणार नाही. मग ती गप्प बसेल, आणि आम्ही दोघं गप्प बसू. ती आली, समोरून आली, पुढची पाटी बघत, दार उघडून बसली, पट्टा लावला. "आज तुम्ही ओरडायचं नाही," ती म्हणाली.

"मी कधी ओरडतो?"

"तुम्ही ओरडत नाही. श्वास घेता. तो ओरडण्यापेक्षा मोठा असतो."

पहिल्या वळणापर्यंत काही झालं नाही. मग बाजारपेठेचा रस्ता लागला आणि पहिला हॉर्न आला. तिने दचकून आरशात बघितलं. "मी काही चुकले का?" नाही, मी म्हणालो. दुसरा आला, लांबलचक, आणि एक पांढरी गाडी आमच्या उजव्या बाजूने, मला न दिसणाऱ्या बाजूने, इतकी जवळून गेली की मला ती दिसण्याऐवजी ऐकू आली. बायकोच्या मानेवर लाल चट्टे उठले. मी ते बघत होतो, आणि मला जे वाटेल असं वाटलं होतं ते वाटत होतं. हे लपवून काय करू? मला बरं वाटत होतं. आता कळेल, असं मनात कुणीतरी म्हणत होतं, आणि त्याचा आवाज बोळ्यासारखा होता. चौथ्या हॉर्ननंतर ती नकला करण्यासारखं काही बोलली नाही. ओठ मुडपले आणि पुढे वाकून, काचेला नाक लागेल इतकी पुढे वाकून चालवू लागली. "आज सगळ्यांना झालंय काय?" ती म्हणाली. "मी तर तशीच चालवतेय ना?" तशीच चालवत होती. खरं तर रविवारपेक्षा बरी चालवत होती. मी म्हणालो, "बुधवारी गर्दी असते."

रेल्वेच्या पुलाचा चढ लागला. वरच्या टोकाला सिग्नल आहे, आणि तो लाल होता. पुढे गाड्यांची रांग. तिने ब्रेक दाबला, छान, हळू, गाडी थांबत आली. आणि माझ्या पायाने तळाचा पत्रा दाबला, आणि माझ्या तोंडातून निघालं, "सोड! सोड थोडा!" ते मी म्हणालो नाही. ते एकतीस वर्षांचं दूध म्हणालं. मागे टाकी नव्हती, लाट नव्हती, मागे दोन रिकाम्या सीटा आणि एक छत्री होती. पण बायकोने अडतीस वर्षांत गाडीच्या बाबतीत माझं कधी खोटं ठरवलं नव्हतं. तिने सोडला. गाडी चढावरून मागे गेली, पहिल्यांदा सावकाश, मग वेगाने, आणि बायकोने पुन्हा ब्रेक दाबण्याआधीच मागून पत्रा दबल्याचा आवाज आला. मोठा नाही. डबा पायाखाली यावा तसा.

मागे पार्सलची उंच गाडी होती. तिचा पुढचा लोखंडी दांडा आमच्या डिकीच्या दारात घुसला होता. ड्रायव्हर उतरला, पंचविशीचा असेल, अंगात कंपनीचा निळा सदरा. मी उतरलो, बायको उतरली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. मला वाटलं, आता तोंड सुटणार. आणि मी ते झेलायला पुढे झालो, कारण निदान तेवढं तरी मी करू शकत होतो. पण तो आमच्या गाडीच्या मागच्या भागाकडे बघून मग पुढे गेला, बॉनेटवर बघितलं आणि परत आला.

"काकू, शिकताय ना तुम्ही?"

"हो रे बाबा. चुकलं माझं."

"मग मागची पाटी कुठाय?"

तिने डिकीकडे बघितलं. पत्र्याला खड्डा पडला होता, आणि पाटी नव्हती. "होती," ती म्हणाली. "मी स्वतः लावली. अहो, मी लावली ना?"

"लावलीस," मी म्हणालो.

"पाटी असती तर मी गाडीभर अंतर सोडून थांबलो असतो ना," पार्सलवाला म्हणाला. तो चिडलाही नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "माझी आई शिकली तेव्हा मी तिला सांगायचो, चढावर मागच्याला दिसायलाच पाहिजे. मला माहीत असतं तर मी चिकटलोच नसतो. मला वाटलं, रोज चालवणारंच कुणीतरी आहे." त्याच्या गाडीला काही झालं नाही, असं तो म्हणाला; सिग्नल हिरवा झाला होता, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. त्याने मागे वळून त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि आम्ही निघेपर्यंत तसाच रस्त्यात उभा राहिला. बायकोने पहिल्या झटक्यात गाडी चढावरून वर नेली. एकदाही बंद पडली नाही.

पूल उतरल्यावर तिने गाडी वळवून घेतली. मला वाटलं, घरी. ती म्हणाली, "वाटेत पडली असेल. शोधू या. तुम्ही डावीकडे बघा, तुमचा डावा डोळा चांगला आहे." आणि आम्ही आलो त्याच रस्त्याने परत निघालो, ताशी वीसच्या वेगाने, आणि मी पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये धरून डावीकडे बघू लागलो. माणूस जे पडलेलं नाही ते शोधतो तेव्हा त्याला इतर सगळं दिसतं. मला एक तुटकी चप्पल दिसली, गटाराचं झाकण दिसलं, पत्र्याचा एक तुकडा इतका पांढरा दिसला की माझी छाती धडधडली, आणि मग आठवलं की धडधडायला नको, कारण ती पाटी नाही हे फक्त मलाच माहीत आहे. मागून हॉर्न येतच होते. एक जण शेजारून जाताना म्हणाला, "चालवता येत नाही तर बाहेर काढता कशाला?" तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती बोलत होती, माझ्याशी किंवा गाडीशी. "चुंबक सैल झालं असणार. मीच पत्रा पुसला नाही सकाळी. धूळ असली की धरत नाही, ती शिकवणारी मुलगी सांगत होती. मी वर गेले ना डबी आणायला, तेव्हाच नीट बघायला हवं होतं. त्या मुलाचं काय चुकलं? बिचारा. मीच." आणि मग, बाजारपेठेच्या तोंडाशी, "शुक्रवारची परीक्षा नको. फोन करून सांगते. जिला साधी पाटी लावता येत नाही तिने कशाला चालवायची गाडी? तुम्ही म्हणत होता ना, या वयात. बरोबर होतं तुमचं."

मी तसं म्हटलं नव्हतं. हसलो होतो, पण म्हटलं नव्हतं. आणि ती हे म्हणाली तेव्हा माझ्या आत जे काही पोटदुखीसारखं रविवारपासून बसलं होतं ते उठलं आणि पाय पसरून निवांत बसलं. झालं. मिटलं. ती आता शिकणार नाही, लाल अक्षर फळीवर पडून राहील, त्या खेळाच्या बुटांना जिना चढायचं काही कारण उरणार नाही. चार महिन्यांनी मीही चालवणार नाही, आणि आम्ही दोघं सारखे होऊ. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. अक्षरं येत नसताना मी दहा-बारा वर्षं नोकरी केली होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. तिने नाक ओढलं. रडत नव्हती, रडली असती तर मला ओळखीचं वाटलं असतं. तिचा हात गियरवर होता आणि बोटांचे सांधे पांढरे पडले होते, मार बसायच्या आधी पडतात तसे.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"काय?"

"पाटी. पिशवीत आहे."

तिने आरशात बघितलं, वळणाचा दिवा लावला, खांद्यावरून मागे बघितलं, गाडी बाजूला घेतली, दुकानाच्या बंद शटरसमोर, पदपथाला समांतर, हाताच्या अंतरावर. न्यूट्रल. हँडब्रेक. चावी फिरवली. मी एकतीस वर्षांत इतकी नीट गाडी क्वचित उभी केली असेल. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?"

"तू वर गेलीस तेव्हापासून."

"का?"

मी ट्रकवाल्याचं सांगायला सुरुवात केली आणि ते मूर्खपणाचं वाटलं. बोळ्याचं सांगणार होतो, तेही तसंच. शेवटी म्हणालो, "तुला हॉर्न कसा वाटतो ते बघायचं होतं."

"वाईट वाटतो," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"आणि चढावर सोड म्हणालो तीही चूक माझीच. ते टँकरचं आहे. तुझं काही चुकलं नव्हतं."

"ते मला आता कळलं." तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, ती विचारेल, अजून काय काय लपवलं आहे. तिने विचारलं नाही. तिने पर्समधून फोन काढला आणि त्या शिकवणारीला लावला. "अगं, मी बोलतेय. बाजारपेठेत आहे, गाडीचं दुकान आहे ना बंद पडलेलं, त्याच्यासमोर. तुला यायला जमेल का? हो, थोडं लागलंय गाडीला. नाही, मला काही नाही." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. उंची मोजावी तसं. "हो, आहेत ना. इथेच आहेत. पण शेजारी बसायला कुणीतरी हवंय." आणि थोड्या वेळाने, "नाही, परीक्षा शुक्रवारीच."

शिकवणारी येईपर्यंत वीस मिनिटं गेली. मी उतरून पाटी लावायचा प्रयत्न केला. खड्डा पडलेल्या पत्र्यावर चुंबक धरेना. ठेवली की घसरून खाली यायची. मी ती हाताने दाबून धरली आणि तसाच उभा राहिलो, गाडीच्या मागे, पाटी झाकणार नाही इतका बाजूला, रस्त्याकडे पाठ करून, सगळ्यांना दिसत. गाड्या जात होत्या. आधी जवळ येणारा आवाज, मग पाटी दिसल्यावर जरा दूर सरकणारा. मला वळून बघायचं धाडस झालं नाही. शिकवणारी स्कूटरवरून आली, खड्डा बघितला, मला बघितलं, काय झालं असेल ते बहुधा ताडलं, आणि एवढंच म्हणाली, "काका, चिकटपट्टी आहे माझ्याकडे. हात काढा आता." तिने दाताने पट्टी तोडली आणि पाटी चारी बाजूंनी पत्र्याला चिकटवून टाकली. मग ती शेजारच्या सीटवर बसली आणि मी, कुणी न सांगता, मागचं दार उघडून आत शिरलो, छत्रीच्या शेजारी.

मागच्या सीटवरून मी आमची गाडी कधी बघितली नव्हती. बायकोची मान दिसत होती, तिच्यावरचे चट्टे अजून गेले नव्हते, आणि अंबाड्यातून सुटलेले पांढरे केस. "घाई नाही, काकू," शिकवणारी म्हणाली. बायकोने चावी फिरवली. गाडी सुरू झाली, एक हिसका बसला आणि बंद पडली. मी श्वासही घेतला नाही. तिने पुन्हा सुरू केली, दिवा लावला आणि मान वर करून मधल्या आरशात बघितलं. तिचे डोळे त्या छोट्या काचेत आले. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या पलीकडच्या रस्त्याकडे बघत होते, आणि माझं डोकं मध्ये येत होतं. मी छत्री उचलून मांडीवर घेतली आणि दाराला अंग चिकटवून एका बाजूला सरकलो, तिला मागचं पूर्ण दिसेपर्यंत.